न पडलेल्या भिंतीचा आवाज

सिनेमातल्या हडळीची पैंजणं ज्याने स्वतःच्या हाताने वाजवलीत, तो हडळीला काय घाबरणार, सांगा! पडद्यावर पडक्या वाड्याचं दार कुरकुरतं आणि थिएटरातल्या बायका तोंडाला पदर लावतात ना... ते दार म्हणजे आमच्या स्टुडिओतली एक मोडकी खुर्ची होती. घुबडही मीच आणि कोल्हाही मीच. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी सवडच मिळाली नाही, कारण सगळा दिवस ती तयार करण्यातच जायचा. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. बायको वाचून झालं की दिवा चालू ठेवून झोपते, आणि मी मात्र 'हे पाऊल ओल्या पोत्यावर टाकलं तर कसं वाजेल' याचा विचार करत पडतो. असा मी माणूस.

तरीपण एक गोष्ट माझ्यापाशी आहे. ती भर दुपारी घडली — कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात. आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. आजवर घरच्यांना आणि दोन मित्रांना सांगितली असेल. आज तुम्हाला सांगतो.

त्या वेळी मी कोल्हापूरच्या एका स्टुडिओत साउंडच्या खात्यात होतो. एक ऐतिहासिक सिनेमा चालला होता. शेवटी तोफ डागली जाते आणि किल्ल्याचा बुरूज ढासळतो. आता आमचा बुरूज कशाचा? बांबू, तरट आणि प्लास्टर! शूटिंगच्या दिवशी तो पडला तेव्हा 'फुस्स' असा आवाज आला. आमच्या दिग्दर्शकांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा माझ्याकडे वळले.

"शब्बीर, बुरूज पडला पायजे. लोकांनी खुर्चीला घट्ट धरून बसलं पायजे. ही फुसकुली मला चालायची न्हाई."

"अण्णा, बुरूज मी पाडतो की!" मी छाती ठोकून म्हणालो. वय अठ्ठावीस, अंगात रग.

दगडाचा आवाज हा माझा नाद होता हो! लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, मी दगड जमवायचो. काळा दगड दगडावर पडला की टण्ण बोलतो, जांभा पडला की भद्द. नदीतला गोटा वेगळा, खाणीतली कपची वेगळी. आणि गंमत ऐका — खरा दगड टेपवर खोटा वाटतो! भिंत पडताना नुसती टेप केली तर पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखी वाजते. म्हणून मी फुटकी कौलं, करवंट्या, मुरूम भरलेली पोती असलं काय काय आपटायचो आणि टेप निम्म्या वेगाने चालवायचो. निम्म्या वेगाला मुठीएवढा खडासुद्धा डोंगर होतो. आठवडाभर अशी पाडापाडी केली. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि प्रत्येक वेळी मान हलवायचे. "करवंटी आली. मला करवंटी ऐकू आली."

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अब्बा गवंडी. बांधण्यात तर हात होताच, पण जुनी दगडी भिंत उतरवावी तर त्यांनीच, असं पेठेत नाव होतं. त्यांची एक रीत होती. भिंत पाडायच्या आधी तिच्या बुडाशी उकिडवं बसायचं, लाकडी मोगरीने तीन टोले मारायचे, उजवा कान दगडाला लावायचा, मग एकच टोला मारायचा आणि ऐकायचं. त्या एका टोल्यावरून भिंत आतून भरीव आहे का पोकळ, तिनं कुठे धरून ठेवलंय, दोर कुठे लावायचा, सगळं त्यांना कळायचं. लोक म्हणायचे, मिस्त्री भिंतीशी बोलतात. त्यांच्या हाताखालचा एकही माणूस कधी दगडाखाली आला नव्हता.

आणि त्याच अब्बांचा कान चालला होता. डावा तर खाणीतल्या सुरुंगाने तरुणपणीच गेलेला. आता उजवाही जायला लागला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझा धंदाच आवाजाचा, माझ्यापासून कसं लपणार? घरातला रेडिओ दर महिन्याला थोडा थोडा मोठा होत होता. हाक मारली तर ते आधी ओठांकडे बघायचे. आणि असा माणूस कानाच्या भरवशावर भिंतीखाली बसत होता. मला धडकी भरायची.

अशात पेठेतल्या एका तालमीच्या जुन्या इमारतीच्या दोन भिंती उतरवायचं काम अब्बांकडे आलं. ऐकून मी उडालोच! काळा दगड, मातीत बांधलेला, दोन पुरुष उंच... ही तर बुरुजाची सख्खी बहीण! पण त्याच भिंतीला कान लावून अब्बा बसणार होते. आदल्या दिवशी जेवताना मी भीत भीत विषय काढला. घरात आम्ही आमची दखनी हिंदी बोलायचो, पण कामाचं बोलणं आणि भांडण मराठीतच व्हायचं.

"अब्बा, ह्या टायमाला टोले दौलूमामाला मारू द्या की." दौलूमामा म्हणजे त्यांचा जुना जोडीदार, त्यांच्याच वयाचा.

अब्बांचा घास हातातच राहिला. "का? मी मेलो व्हय?"

"तसं न्हाई, पण तुमचा कान—"

"माझ्या कानाला काय धाड भरलीया? तू जा, सिनेमात करवंट्या आपट. भिताडाचं मला शिकवू नगंस!" आणि ताट सरकवून उठले. अम्मी माझ्याकडे असं बघायला लागली की जेवण तिथेच संपलं.

सकाळी सायकलच्या कॅरिअरला टेप मशीन बांधून मी तालमीत हजर. मशीन अजून सोडलंही नव्हतं तोवर अब्बांनी पुढच्या भिंतीला टोले मारून घेतले. शेवटच्या टोल्याला मोगरीच्या दांड्याला उभी चीर गेली. तशीच त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दोर लावायला सांगितला. भिंत बरोबर पडली, हवी तिथेच. मला जरा हायसं वाटलं.

पण रेकॉर्डिंगचं म्हणाल तर वाटोळं! तीन वेळा दोर ओढून तीन तुकड्यांत भिंत उतरवली, तीन टेक घेतले, आणि तिन्ही वेळा तालमीतले पैलवान आणि अख्खी गल्ली बोंबलत होती. "गेली गेली गेली! हाण तिच्यायला!" शिट्ट्या, टाळ्या, कुत्री. टेपवर भिंत पडली का कुस्ती मारली तेच कळेना. मी हात जोडले, तर एक पैलवान म्हणतो, "पावणं, आमचा बी आवाज येऊ दे की सिनेमात!"

एक वाजला. सगळी मंडळी जेवायला निघाली. जाताना अब्बांनी चीर गेलेली मोगरी माझ्याकडे टाकली. "एवढी बांधून ठेव. जेवून आलो की मागची भीत बघायची हाय." कालचा राग अजून होता, म्हणून माझ्याकडे न बघताच बोलले.

माझ्या सामानात तांब्याची तार होती. ती मी दांड्याला गुंडाळली, पिळली, मोगरी भिंतीपाशी ठेवली. तारेचं एक टोक जरा सैल राहिलं. म्हटलं, चालतंय.

मग मी एक काम केलं, जे आमच्या धंद्यातला कुठलाही माणूस करतो. रेकॉर्डिंगच्या जागेची नुसती शांतता टेप करून घेतली. रिकाम्या जागेलाही स्वतःचा आवाज असतो, दोन तुकडे जोडताना तो मध्ये भरावा लागतो. नव्या रिळातली टेप शिल्लक होती — ते रीळ मी त्याच सकाळी पाकिटातून काढलेलं, कोरं करकरीत. माईक मागच्या भिंतीसमोर ठेवला आणि बोललो, "तालमीची मागची भिंत, सायलेन्स, टेक एक." दीड-दोन मिनिटं टेप चालवली. हेडफोन माझ्या कानाला होते, हे लक्षात ठेवा. मी स्वतः ऐकत होतो. लांब कुठेतरी टांगा गेला, भिंतीवर एक पारवा घुमत होता. बाकी काही म्हणजे काही नाही.

मागची भिंत तीनच्या सुमाराला उतरवणार होते. पण पुन्हा तीच शिट्ट्यांची जत्रा होणार, आणि तिकडे अण्णा दोन वाजल्यापासून स्टुडिओत वाट बघत बसणार. म्हणून मशीन बांधलं आणि निघालो.

स्टुडिओत अण्णांना तिन्ही टेक ऐकवले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आरं ही काय तोफ डागलीया का फुटबॉलची मॅच जिंकलीया?" मी म्हणालो, निम्म्या वेगाला लावून बघू. ते म्हणाले, निम्म्या वेगाला रेडे ओरडल्यासारखं येईल. आमची तावातावाने जुंपली. टेप बंद करायचं भान कुणाला होतं? ती आपली पुढे चालतच राहिली.

आणि स्पीकरमधून आलं — ठक ठक ठक. मग जरा थांबून, ठक.

पारव्याने पंख फडफडवले. मग काही क्षण नुसती शांतता. मग बारीक खडे सर्रर करून घरंगळले. आणि मग... अहो, काय सांगू तुम्हाला! भिंतीच्या पोटातून एक दबका हुंकार निघाला, दगडाने दगडाचा हात सोडला, टण्ण... टण्ण... धड्ड! आणि अख्खी भिंत खाली बसली. टेबलावरची कपबशी थरथरली. मागून माती ओतत राहिली, शेवटचा एक दगड गडगडत येऊन थांबला.

आम्ही दोघं तोंड उघडं टाकून उभे. मग अण्णा जे ओरडले! "आरं हीच की! हीच, हीच, हीच! शब्ब्या, लेका, आणलास की बुरूज!" त्यांनी मला चक्क उचललं. त्यांचं वजन माझ्या दुप्पट, पण आनंदाने मीही हलका झालो असेन. करवंटी नाही, वेग कमी करायला नको, ना शिट्टी ना आरडाओरडा. नादच खुळा! पुन्हा लावली. पुन्हा. अकरा वेळा ऐकली असेल. मधल्या शांततेला मी बोटांवर मोजायला लागलो, नाचायचा ठेका मोजावा तसा — पारवा उडाला की पाच मोजायचे, खडे. खड्यांनंतर दोन मोजायचे, भिंत. शेवटचा दगड थांबला की आम्ही दोघं टाळी द्यायचो आणि टेप मागे घ्यायचो. ही भिंत सकाळी नेमकी कधी पडली, असं विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. माईक भिंतीकडे होता, म्हणून लोकांचा आवाज आला नसेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. आनंदात माणूस गाढव होतो, दुसरं काय.

अण्णा म्हणाले, "ते सुरुवातीचं ठकठक तेवढं काप. बुरुजावर कोण सुतारकाम करालंय असं वाटतंय."

कापायची जागा शोधायला टेप हाताने हळूहळू फिरवावी लागते. प्रत्येक टोला लांबलचक ताणला जातो. तसा मी तो चौथा टोला फिरवला... आणि त्याच्या शेपटाला एक बारीक थरथर ऐकू आली. र्रर्र. पुन्हा फिरवला. र्रर्र. मागचे तीन टोले तपासले, प्रत्येकाला तीच थरथर.

सैल तारेचा आवाज होता तो. मी बांधलेल्या तारेचा.

मी टेप जागच्या जागी थांबवली. कारण तार मी बांधली जेवणाच्या सुट्टीत. तार बांधल्यावर त्या मोगरीने अजून एक टोलासुद्धा मारला गेला नव्हता! टेप मागे घेतली. माझाच आवाज आला, स्वच्छ, ठणठणीत — "तालमीची मागची भिंत, सायलेन्स, टेक एक."

"अण्णा," मी म्हणालो, "ही भिंत अजून पडलेली न्हाई."

"म्हंजे?"

"उभी हाय ती! अब्बा तिच्याखाली बसणार हाईत!"

अण्णा हसायला लागले आणि माझं तोंड बघून थांबले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. पुढचं काही बोलल्याचं मला आठवत नाही. सायकल घेतली आणि सुटलो. डोक्यावर ऊन, रस्त्याचं डांबर पाघळलेलं, वाटेत एका भाजीवाल्याची पाटी लाथाडली, त्याने दिलेली शिवी मागे मागे येत राहिली. मन म्हणत होतं, शब्बीर, खुळा झालास तू, टेपवर कुठे उद्याचं ऐकू येतं काय? आणि पाय म्हणत होते, हाण!

गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि ऐकलं — ठक ठक ठक.

सायकल टाकून दिली. गर्दी नव्हती, पैलवान जेवून आडवे झालेले. दौलूमामा आणि दोन गडी दोर घेऊन लांब उभे. अब्बा भिंतीच्या बुडाशी उकिडवे, उजवा कान दगडाला चिकटवलेला. माझ्याकडे होता तो डावा कान — मेलेला.

"अब्बाऽऽ!" मी जीव खाऊन ओरडलो. दौलूमामा दचकला. अब्बांची पापणीसुद्धा हलली नाही.

ठक. र्रर्र.

पारवा उडाला.

एक, दोन... मी धावत होतो आणि मोजत होतो. तीन. दौलूमामा काहीतरी ओरडला. चार. पाच — आणि अब्बांच्या डोक्यावर बारीक खडे सर्रर करून घरंगळले. ते मान वर करून बघायला लागले, तोवर मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि पाठीमागे झोकून दिलं. दोघंही गडगडत अंगणात. आणि तोच हुंकार! तोच, तसाच, टण्ण... टण्ण... धड्ड!

धुरळ्यात काही दिसेना. शेवटचा दगड गडगडत येऊन थांबला. आणि माझ्या छातीवर पडलेल्या माणसाने गल्ली दणाणून सोडली.

"आयला तुझ्या, मुडद्या! भीत माझी, टोला माझा, आन् मधी कडमडायला तुला कुनी सांगितलं रं?"

काय सांगू, आयुष्यात इतकी गोड शिवी मी ऐकली नाही. मी हसायला लागलो आणि रडायलाही. धुरळा बसला तेव्हा दौलूमामाने बोट दाखवलं. अब्बा बसले होते तिथे पाट्याएवढा काळा दगड पडला होता, मोगरीचा चुरा करून. घुशींनी भिंतीचा भराव आतून पोखरला होता. चांगला कान असता तर पहिल्या टोल्याला कळलं असतं.

अब्बांनी त्या दगडावरून हात फिरवला. मग विचारलं, "तुला कसं कळलं रं?"

"आवाज आला," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"मला न्हाई आला," ते हळू आवाजात म्हणाले. "मला चौथा टोला बी नीट न्हाई आला, शब्बीर." त्यांनी हे कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसापासून टोले दौलूमामा मारायला लागला आणि अब्बा मागे उभे राहून त्याच्यावर खेकसायला लागले.

पुढे मी मोठमोठ्या साउंडवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, रीळ जुनं असेल. पाकीट मीच फोडलं होतं! दुसरा म्हणाला, गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. उमटतो, मलाही ठाऊक आहे — पण पुसट, आणि त्याच टेपवरचा. दोन तासांनी पडणाऱ्या भिंतीचा नव्हे! ती भिंत खरंच पडली तेव्हा माझं मशीन स्टुडिओत होतं. म्हणजे त्या पडण्याचं एकमेव रेकॉर्डिंग झालं ते ती पडायच्या आधी, आणि करताना मला हेडफोनमध्ये पारव्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. जुळवा बघू तुम्ही!

अण्णांनी तो आवाज सिनेमात घातलाच. टोले कापून टाकले, बाकी जसाच्या तसा. सिनेमा लागला तेव्हा मी अब्बांना घेऊन गेलो. बुरूज पडला आणि थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस! लोकांनी खरोखर खुर्च्या धरल्या होत्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अब्बा उजवा कान पडद्याकडे करून ऐकत होते. इतका मोठा आवाज त्यांनाही ऐकू आला असणार. ते माझ्याकडे वाकले.

"भीत वळखली मी," ते म्हणाले. "तालमीची. भारी घेतलास. पन ती पडल्यावर मी लई मोठी शिवी हासडलेली. ती कुठं हाय?"

"सेन्सॉरनं कापली, अब्बा."

मग त्यांनी सेन्सॉरला एक हासडली. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

ते खोटं होतं. सेन्सॉरने काही कापलं नव्हतं आणि अण्णांनीही नाही. स्टुडिओत परत गेल्यावर ती टेप मी एकदाच, शेवटपर्यंत ऐकली होती. भिंत पडते. माती ओतत राहते. शेवटचा दगड गडगडत येऊन थांबतो. थोड्या वेळाने पारवा परत येतो आणि घुमायला लागतो. बस्स, रीळ संपेपर्यंत एवढंच. माझी धावत आलेली पावलं त्यात नाहीत, 'अब्बा' म्हणून मारलेली हाक नाही. आणि शिवी नाही.

का, कसं, मला आजही सांगता येत नाही. अब्बा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले आणि रोज उठून मला शिव्या दिल्या. मी एकदाही उलटून बोललो नाही.